खंडेनवमीचा पाहुणा

"सायब्या!"

मागून हाक आली आणि लेथ मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक काढणाऱ्या साहेबरावाचं बोट जागच्या जागी थांबलं. पोटात नेहमीची कळ उठली, तोंडाला आंबट पाणी सुटलं. वळून बघायची गरजच नव्हती. गाव सोडून वीस वर्षं झाली, पण तो आवाज त्याचं शरीर विसरलं नव्हतं.

"बघा तरी कोन आलंय!" त्याची बायको पद्मा हरखून म्हणाली. तिचं बोट धरून त्यांची सहा वर्षांची लेक निली, आणि मागे पांढऱ्या पटक्यातले चिमाजीकाका. साहेबरावाचे सख्खे चुलते.

साल चौऱ्याहत्तर. पिंपरीच्या त्या कारखान्यात खंडेनवमीला मशीनं बंद असत आणि कामगारांची बायकापोरं, गावाकडची माणसं आत येत. ज्याच्या त्याच्या मशीनवर घरातल्या वडीलधाऱ्यानं नारळ फोडायचा, मग कामगारानं आधी मशीनच्या आणि नंतर त्यांच्या पाया पडायचं, असा तिथला रिवाज. साहेबरावाचा नारळ मात्र दरवर्षी फोरमन लक्ष्मणराव फोडत. नवऱ्याला आईबाप नाहीत, निदान ज्यांनी वाढवलं त्या काकांना तरी बोलवावं, म्हणून पद्मानं काळेवाडीत राहणाऱ्या त्याच्या एका गाववाल्याकडून गुपचूप निरोप धाडला होता. बिचारीला वाटलं, नवरा खूश होईल. खूश कसला, डोंबल!

साहेबरावाच्या मागे कुणी उभं राहिलं की संपलंच. लक्ष्मणराव नुसते येऊन थांबले तरी त्याचा हात थरथरायचा, माप चुकायचं आणि मशीनवरचा जॉब, घडत आलेला चांगला तुकडा, भंगारात जायचा. भिंतीला पाठ टेकल्याशिवाय डोळ्याला डोळा लागायचा नाही. पोट तर कायमचंच बिघडलेलं. एक्स-रे झाले, रक्त तपासून झालं, काही सापडेना. शेवटी दवाखान्यातल्या नर्स इंदुताईंनी औषधाची बाटली हातात देता देता विचारलं होतं, "साहेबराव, लहानपणी कुणी मारायचं का हो तुम्हाला?"

"छे, छे!" म्हणत तो बाहेर पडला. पण आठवड्याभरानं आपणहून परत गेला आणि सगळं ओकून टाकलं. गोठ्यातला खांब, आसूड, आणि काकांची ती पद्धत. "उभा ऱ्हा. मागं बघू नगंस," म्हणायचे आणि मग थांबायचे. सावकाश तंबाखू मळायचे. फटका कधी बसेल ते कळायचं नाही, आणि ते थांबणंच फटक्याहून वाईट असायचं.

"औषध मी देईन," इंदुताई म्हणाल्या होत्या, "पण हे घरीही सांगा. एकट्यानं किती सोसाल?"

घरी सांगायचा धीर त्याला आजवर झाला नव्हता.

"वा, काका! या, या!" लक्ष्मणरावांनी नारळ काकांच्या हातात दिला. "आमचा हा कारागीर तुम्हीच घडवलात म्हणायचं."

"घडवला म्हंजे? चामडी लोळवली, तवा कुठं मानूस झाला!" काका हसले. आजूबाजूचे चारजणही हसले. साहेबरावानं हातातल्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण लावलं.

"सूनबाई, आता मी हितंच ऱ्हातो. गावाकडं कोन हाय माजं? तू बी कामाला लागनार म्हनं. जा खुशाल. पोरीला मी सांबाळतो. चांगलं वळन लावतो."

पद्माचा चेहरा खुलला. साहेबरावानं मात्र निलीकडे पाहिलं. बोल, आता तरी बोल, असं तो स्वतःला बजावत होता. पण जीभ उचलेल तर शपथ! पस्तिशीचा बाप्या, लेकरावर काय ओढवणार ते दिसत होतं, तरी पोरासारखा नुसता उभा!

तेवढ्यात निलीनं ताटातला पेढा उचलला.

"पूजेआदी?" काकांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "हिकडं ये. त्वांड फिरीव. उभी ऱ्हा. मागं बघू नगंस."

निलीला वाटलं खेळच आहे. खुदकन हसली आणि पाठ करून उभी राहिली. काकांनी नारळ काखेत धरला, कमरेची चंची सोडली आणि तंबाखू मळायला घेतली.

"निले, मागं बघ!"

साहेबराव इतक्या जोरात ओरडला की सगळ्यांनी माना वळवल्या. त्यानं पोरीला उचलून छातीशी धरलं. हात लटलट कापत होते.

"तुमी हितं ऱ्हायचं न्हाई, काका. माज्या पोरीजवळ तर न्हाईच न्हाई."

"आरं, तुज्या भल्यासाठीच मी..."

"सात वर्साचा हुतो मी! आनि भाकरी मागितली म्हनून खांबाला बांदलंत. अजून माजं पोट बरं न्हाई. अजून मला झोप न्हाई."

"साहेबराव, अहो, सणाचा दिवस आहे, वडीलधारे आहेत..." लक्ष्मणराव पुटपुटले. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पद्माचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं नवऱ्याच्या कापणाऱ्या हातांकडे पाहिलं, मग काकांच्या तळहातावरच्या तंबाखूकडे. पुढे होऊन तिनं काकांच्या काखेतला नारळ काढून घेतला आणि नवऱ्यासमोर धरला.

"तुमीच फोडा," ती म्हणाली.

दुपारी तिनं काकांना जेवू घातलं. म्हाताऱ्या माणसाला उपाशी कसं धाडायचं! वाढताना निलीला मात्र जवळ फिरकू दिलं नाही. मग तिघं त्यांना एस.टी.वर पोचवायला गेली. गाडीत चढण्याआधी काका थांबले आणि सवयीनं पाय जरा पुढे केला. वाटेत भेटलेल्या म्हातारीच्याही पाया पडणाऱ्या पद्मानं डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती तशीच ताठ उभी राहिली. साहेबरावही वाकला नाही. काका चढले आणि खिडकीशी जाऊन बसले.

गाडी हलली, रस्त्याला लागली आणि साहेबराव मटकन खाली बसला. ढसाढसा रडू लागला.

"आवं, पोटात दुकतंय का?" पद्मा घाबरून वाकली.

"न्हाई गं." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "माज्या बापाचा एक फोटू बी न्हाई. मला त्येचं त्वांड आठवत न्हाई. समदं गाव म्हनायचं, चिमाजी डिट्टो तुज्या बापावानी दिसतो. आता बाप कुठं बघू मी?"

पद्मानं त्याला उगी म्हटलं नाही. चारी बाजूंनी माणसं बघत होती. ती निलीला मांडीवर घेऊन तिथेच त्याच्या शेजारी धुळीत बसली आणि तिनं त्याला पोटभर रडू दिलं.