रानवीराचा हात

डावखुऱ्या राजपालनं उजव्या मुठीनं डावं मनगट आवळलं आणि पेन्सिल कागदावर टेकवली. रानवीराच्या दंडाची रेघ निघाली ती बैल मुतल्यासारखी वाकडी.

"काय अप्पा, तुमचा चड्डीवाला भ्यायलाय का माज्या गड्याला?" समोर बसलेल्या संध्यानं विचारलं.

"तुज्या रेनकोटवाल्याला? पावसाला भिऊन कोट घालून आलंय बिचारं. रानवीर त्याला एका हातानं उचलतोय बघ."

बापलेकीचं हे भांडण जुनंच. रानवीर म्हणजे राजपालच्या लहानपणी उदगीरच्या स्टँडवर मिळणाऱ्या चित्रकथेतला, वेलीला लोंबकळणारा, कमरेला सुरी लावणारा वीर. संध्याचा गडी मोबाईलमधला. अंगभर निळा पोशाख आणि डोळ्यांतून वीज. आता दोघांची झुंज एकाच कागदावर लागली होती, कारण संतपूरच्या शाळेतल्या पोरांना भिंतीवर तीच हवी होती. वीरण्णा मास्तरांनी आधी कागदावर नमुना मागितला होता.

तीस वर्षं राजपालनं पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले तेव्हाही त्यानं धीर सोडला नाही. मग हात थरथरू लागला. हा कंप वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, पण त्यानं ते मानलं नाही. भिंत मिळाली तर हात अजून आपला आहे, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

रोज दुपारी कागद तसाच ठेवून तो आडवा व्हायचा. उठून पाहिलं की सकाळची रेघ सरळ वाटायची. उन्हानं डोळे दिपतात, झोप झाली की खरं दिसतं, असं तो म्हणायचा. संध्या पेन्सिलीला टोक काढत बसायची.

आठवड्यानं मास्तरांनी नमुना लांब धरून पाहिला.

"राजपालअण्णा, रानवीर एक नंबर! पोरीचा गडी फिका पडला बघा त्याच्यापुढं. भिंत तुमची. सोमवारी चालू करा."

घरी येऊन राजपालनं ओट्यावर कागद पुन्हा उलगडला. चांगलं काम दहादा बघावंसं वाटतंच. तेव्हा त्याला छायेच्या बारीक रेघा दिसल्या. डावखुऱ्याच्या हातून त्या डावीकडं कलतात, उजव्या हातानं काढल्या की उजवीकडं. पाट्या रंगवणारे एकमेकांचं काम यावरूनच ओळखतात. रानवीराच्या दंडावर, छातीवर, गालावर, सगळ्या रेघा उजवीकडं कलल्या होत्या. त्यांच्याखाली खोडलेल्या वाकड्या रेघांचे व्रण होते. तेवढेच त्याचे होते. त्याला रडू आलं नाही, राग आला, आणि राग काढावा असं कुणी नव्हतं.

सोमवारी भिंतीला शिडी लागली. संध्यानं खडू पुढं केला.

"चढा अप्पा. आधी चड्डीवाला."

त्यानं खडू घेतला आणि तिच्या उजव्या हातात परत ठेवला.

"दोन्ही तूच काढ. कागदावर काढलीस तसंच."

संध्याचं तोंड उतरलं. "अप्पा, म्या नुसतं..."

"चढ. ऊन वाढायलंय."

ती चढली. वर्गाच्या खिडक्यांतून पोरं ओरडत होती, काही रानवीराच्या बाजूनं, काही रेनकोटवाल्याच्या. राजपालनं खाली दोन्ही हातांनी शिडी धरली. एवढं तरी आपल्याला जमेल, असं त्याला वाटलं.

दंडाची पहिली रेघ निघाली आणि थरथरली. संध्यानं ती पुसली. दुसरीही तशीच आली. मग तिनं खडू भिंतीवर नुसता टेकवला, तरी त्याचं टोक हलत होतं.

"अप्पा," मागं न बघता ती म्हणाली, "शिडी सोडा. हालायली."

त्यानं हात काढून घेतले. पुढची रेघ सरळ आली.