गप्पांकडचे दात

ओळंबामामा हे नाव त्यांनी स्वतःच पाडून घेतलं होतं. ओंडका कसाही असो, आपला काप ओळंब्यात, सरळ खाली, हे ते इतक्यांदा सांगत की लोकांनी थकून मान्य केलं होतं. त्यामुळे ग्रंथालयाच्या बाई सांगितलेल्या विसातली ओंडक्याची पहिली पाच स्टुलं हातगाडीवर परत घेऊन आल्या, तेव्हा मामांनी आधी ओंडक्याला दोष दिला, मग ग्रंथालयाच्या फरशीला, शेवटी पोरांच्या बसण्याला.

"पोरं घसरतात हो एका बाजूला," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी पाच वाजेपर्यंत विसाच्या वीस सरळ द्या. नाहीतर मी प्लॅस्टिकच्या खुर्च्या सांगते."

बाई गेल्या. प्लॅस्टिक हा शब्द मामांच्या जिव्हारी लागला. त्यांनी तिरीमिरीत एक काप घेऊन पाहिला. चेनसॉ वरून शहाण्यासारखी शिरली आणि खाली पोचेपर्यंत डावीकडे वळली.

मामी दारात हातमोजे शिवत होत्या. "धार कशी लावता ते बघू दे जरा."

"तीस वर्षं लावतोय!"

"आणि तीस वर्षं मी बघितलं नाही, तेच चुकलं."

मामांनी चेनसॉची पट्टी शिकंज्यात आवळली, पहिल्या दातावर खडूची खूण केली आणि गोल कानस चालवली. साखळीला एक दात उजवा, एक डावा. एका बाजूचे घासून झाले की शिकंज्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूचे. इकडून तोंड भिंतीकडे, तिकडून रस्त्याकडे.

भिंतीकडे दर दाताला कानशीचे तीन हात, चोख. मामी मोजत होत्या. मामा रस्त्याकडे वळले आणि पोस्टमन आला. जावई रुसल्याची बातमी सात हात चालली. मग न्हावी आला. त्याच्या भावकीचं भांडण एकाच दातावर अकरा हात पुरलं.

"थांबा! हा दात बघा, आता तो बघा."

मामांनी चष्मा चढवला. भिंतीकडचे दात टुकटुकीत, रस्त्याकडचे आखूड. करवत लांब दातांकडे ओढत होती.

"गप्पांनी खाल्लेत ते," मामी म्हणाल्या.

उपाय मामांना ठाऊक होता, म्हणूनच त्यांना घाम फुटला. सगळ्यांत आखूड दाताइतके बाकीचे सगळे उतरवायचे. म्हणजे भिंतीकडे तोंड करून तासभर, तेही मोजत, म्हणजे तोंड बंद.

पाठीमागे न्हावी परत आला. "मामा, अहो, पुढचं ऐकलंत का? थोरल्यानं चक्क..."

मामांची मान निम्मी वळली. कानस दातातच थबकली.

"सहा," मामी म्हणाल्या.

मान जागेवर आली. "सात," मामा पुटपुटले.

तासाभरानं मामांनी ओंडक्यावर काप घेतला, तेव्हा लाकडाचा भुसा पडेना, जाड जाड कपचे उडू लागले आणि काप ओळंब्यात उतरला. पाचच्या ठोक्याला बाईंनी विसाच्या वीस स्टुलांवर स्वतः बसून पाहिलं.

"वा! धार कोणी लावली?"

मामांनी छाती फुगवली, मामींकडे पाहिलं आणि थोडी उतरवली.

"लावली मी. मोजली हिनं."

मामींनी हातमोजे त्यांच्या हातात कोंबले. "आता वळा रस्त्याकडे. न्हावी मघापासून ताटकळलाय, आणि थोरल्यानं काय केलं ते मलाही ऐकायचंय."