सात लाखांची चढाई

धोंडीराम देवरे यांनी हात वर केला तो खाली घेतलाच नाही. तीन लाख, चार लाख, साडेपाच. शेजारच्या टेबलावरचे संघमालक शेवटी मान हलवून गप्प बसले, तेव्हा कुठे देवऱ्यांचा हात खाली आला. चैताली बोरसे, चढाईपटू, सात लाख रुपये.

त्यांच्या शेजारी बसलेल्या संजना पगारेने वहीत उरलेल्या पैशांचा हिशेब केला. जिल्ह्यातल्या महिला कबड्डी लीगमध्ये देवऱ्यांनी नाशिकचा संघ घेतला होता आणि संजना त्या संघाची प्रशिक्षक होती. एरवी ती नाशिकरोडच्या एका शाळेत पीटी शिकवायची. लीगच्या नियमाप्रमाणे लिलावात एका संघाला बारा लाखच खर्च करता येत होते.

"शेठ, अजून अकरा मुली घ्यायच्यात," ती हळूच म्हणाली. "पाच लाखांत."

"घ्या की. कबड्डीत चढाईला एका वेळी जातं कोण? एकटीच ना? मग एकीवरच खर्च केला."

देवरे मूळचे बागलाणातल्या सटाण्याचे, कांद्याचे व्यापारी. गंगापूर रोडला बंगला बांधून दहा वर्षं झाली होती, पण आनंदात आले की बोली बागलाणची व्हायची. "मॅडम, कितली भारी पोर शे ती! तुम्ही बघालच."

उरलेल्या पाच लाखांत संजनाने अकरा मुली जमवल्या. डाव्या कोपऱ्यावर पकडी करायला सृष्टी गांगुर्डे मिळाली, तीस हजारांत. ती एका मेडिकल दुकानात कामाला होती आणि लीगसाठी बिनपगारी रजा घेऊन आली होती. चढाईला दुसरी म्हणून आरोही नावाची कॉलेजातली मुलगी घेतली, वीस हजारांत.

पहिल्या दिवशी चैताली सरावाला आली तेव्हा बाकीच्या मुली भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. चोवीस वर्षांची, उंच, नांदगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली. तिने स्वतःच मॅट पुसायचं फडकं उचललं, तसं सृष्टीने ते तिच्या हातातून काढून घेतलं. "राहू द्या ताई, तुम्ही नका." चैतालीला काय करावं कळेना. ती रिकाम्या हातांनी उभी राहिली.

पहिल्या सामन्यात तिने सोळा गुण घेतले. नांदगावहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती, त्यांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. दुसऱ्या सामन्याला बाहेर भेळेच्या गाड्या लागल्या. पहिल्या तीन सामन्यांत तीन विजय. देवरे रोज फोन करून विचारायचे, "काय मॅडम, परवडली ना?" आणि संजना म्हणायची, "परवडली शेठ."

चौथ्या सामन्यात चैतालीचा पाय मॅटवर अडकला आणि गुडघा पिळवटला. तो सामना गेला. डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली.

पाचव्या सामन्याला निम्मी गॅलरी रिकामी होती. संजनाने मनाची तयारी केली होती, पण मुली भलत्याच मोकळ्या खेळल्या. आरोहीने नऊ गुण आणले, सृष्टीने सहा पकडी केल्या. सामना सात गुणांनी जिंकला. त्या रात्री जेवताना संजनाला वाटलं, म्हणजे सात लाख फुकट गेले की काय? त्या पैशात अशा वीस सृष्टी आल्या असत्या.

सहाव्या सामन्यात त्याच मुली, त्याच जागा, आणि तरी बावीस गुणांनी हरल्या. दोनदा सगळा संघ बाद होऊन लोण चढला. संजना घरी आली आणि तिला जेवण गेलं नाही. आता तिचं मत उलटं झालं होतं, पण आधीच्या मताला काय झालं हेही तिला सांगता येईना.

चैताली परतली ती गुडघ्याला पट्टा बांधून. सातवा सामना कसाबसा निघाला आणि संघ उपांत्य फेरीत गेला.

उपांत्य सामना निफाडच्या संघाशी होता. चैतालीला सूर सापडतच नव्हता, सगळ्या सामन्यात तिचे गुण फक्त तीन. पण एक गोष्ट संजनाच्या लक्षात आली. चैताली चढाईला गेली की समोरच्या मुली दमून जायच्या, तिच्यावर सगळी ताकद लावायच्या आणि पाठोपाठ आरोही गेली की तिला मोकळं रान मिळायचं. आरोहीने अकरा गुण घेतले होते. मग ते अकरा गुण नक्की कोणाचे?

शेवटची चढाई उरली तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस. संघ एका गुणाने मागे. पाठवायचं कोणाला? गॅलरी एका सुरात ओरडत होती, "चैताली! चैताली!" आरोहीने संजनाकडे पाहिलं. संजनाने चैतालीकडे बोट केलं.

चैताली गेली, उजवीकडे झेपावली, आणि तिचा घोटा पकडला गेला. तिने रेषेकडे हात टाकला. वीतभर कमी पडला. सामना संपला.

पुढचे आठ दिवस संजना एकच विचार करत होती. तिने चैतालीला पाठवलं ते ती सर्वांत चांगली म्हणून, की ती सात लाखांची म्हणून? तिने सृष्टीला विचारलं. वाटलं, सृष्टी तरी रागावलेली असेल.

"मॅडम, मीपण चैतालीताईलाच पाठवा म्हणून ओरडत होते," सृष्टी म्हणाली.

"का?"

"काय माहीत. सगळे ओरडत होते ना." मग थोडं थांबून ती म्हणाली, "पण त्या सामन्यात माझ्या पाच पकडी झाल्या. पेपरात एकही आली नाही."

महिन्याभराने देवऱ्यांनी संजनाला बंगल्यावर बोलावलं. नवा नियम आला होता, प्रत्येक संघाला लिलावाबाहेर एक खेळाडू करार करून ठेवता येणार होता. त्याच्यावर खर्चाची मर्यादा नव्हती. देवऱ्यांना चैतालीशी तीन वर्षांचा करार करायचा होता, तीस लाखांचा.

"दुसरे बी मागे लागलेत तिच्या," ते म्हणाले. "रविवारपर्यंत सांगायचंय. तुम्ही हो म्हणा नाहीतर नाय म्हणा. मी तसं करतो."

"शेठ, पैसा तुमचा आहे."

"पैसा माझा हाय, पण कबड्डीतलं मला काय कळतं? कांदा मी हातात घेतला की सांगतो किती दिवस टिकेल. पोरीचं कसं सांगू?"

संजनाने दोन दिवस मागितले आणि शनिवारी नांदगावच्या बसमध्ये बसली.

चैतालीच्या घराच्या वरच्या मजल्याचं बांधकाम चालू होतं. ती ओट्यावर गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून बसली होती. तिच्या आईने चहा दिला आणि मुद्दाम आत निघून गेली.

"गुडघा कसाय?"

"पट्टा बांधून खेळले ना, दुखणं वाढलं. डॉक्टर म्हणतात, होईल बरा. सहा महिने म्हणतात, कधी आठ म्हणतात."

"चैताली, खरं सांग. तुला तीन वर्षांचा करार हवाय?"

चैतालीने बांधकामाच्या वाळूच्या ढिगाकडे बोट केलं. "हवाय. बाबांनी वरचा मजला काढलाय त्या जोरावर." मग एकदम म्हणाली, "मॅडम, पण तुम्ही नाही म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही. उलट जरा बरंच वाटेल."

"म्हणजे?"

"आधी मी पडले की उठायचे, अंग झटकायचे. आता पडले की कोणीतरी मागून म्हणतं, सात लाख पडले. मला सांगा ना मॅडम, सात लाखांची चढाई कशी असते? वीस हजारांच्या चढाईपेक्षा वेगळी काय करायची असते तिच्यात? मी तर शाळेत खेळायचे तीच चढाई करते."

संजनाने बर्फाची पिशवी उचलून नीट बसवली. परतीच्या बसमध्ये ती वही उघडून बसली आणि तिने दोन्ही बाजू लिहून पाहिल्या. वाचल्यावर दोन्ही खऱ्या वाटल्या.

रविवारी ती देवऱ्यांना म्हणाली, "शेठ, मला माहीत नाही."

देवरे हसले. "अहो, असं कसं? तुम्ही तर कोच."

"तिच्याशिवाय जिंकलो आणि तिच्याशिवायच वाईट हरलो. तिच्यामुळे माणसं येतात, तिच्या सावलीत आरोही गुण घेते. उद्या गुडघा राहिला नाही तर काय, तेही मला माहीत नाही. एवढंच सांगते, करार करायचा तर एका वर्षाचा करा, आणि पकडणाऱ्या मुलींनाही काही द्या."

"कोपऱ्यातल्या पोरीला बघायला कोण येतं मॅडम?"

"कोणी नाही."

देवऱ्यांनी डोकं खाजवलं आणि तीन वर्षांचा करार केला. एकीलाच ठेवता येत असल्यामुळे सृष्टी पुन्हा लिलावात गेली. येवल्याच्या संघाने तिला दोन लाख दहा हजारांना घेतलं. तिचा फोन आला तेव्हा ती हसत होती की रडत होती, ते संजनाला समजेना.

"मॅडम, येवलेवाले म्हणाले, त्यांनी मला मोबाईलवर लाइव्ह बघितलं. चैतालीताई होती म्हणून सामने लाइव्ह दाखवले ना मागच्या वर्षी. नाहीतर मला कोणी बघितलं असतं?"

नव्या हंगामात चौथा सामना येवल्याशी होता. चैतालीचा गुडघा बरा होता, पण ती जपून खेळत होती. चौथ्या चढाईला ती डाव्या कोपऱ्याजवळून वळली आणि सृष्टीने खाली झेप घेऊन तिचा घोटा धरला. घट्ट. बाकीच्या येऊन पडल्या, पण पकड सृष्टीचीच होती.

संजना उभी राहून टाळ्या वाजवत होती. आपल्याच संघाच्या विरुद्ध आपण टाळ्या वाजवतोय, हे तिच्या ध्यानात आलं ते राखीव मुली तिच्याकडे बघायला लागल्या तेव्हा.

देवरे खुर्चीवरून वळले. "मॅडम, ही पोर आपली होती ना? हिला का सोडलं आपण?"

"एकीलाच ठेवायचं होतं शेठ."

"मग चुकलं का आपलं?"

ती काही बोलायच्या आत येवल्याची चढाई पकडली गेली, त्या गुणावर बाद झालेली चैताली परत आत आली आणि पुढच्या चढाईला गेली. या वेळी ती थेट सृष्टीच्याच अंगावर गेली, तिला हात लावला, मागे सरकताना आणखी दोघींना बाद केलं आणि हसत रेषेवर आली. तिचं असं हसू संजनाने वर्षभरात पाहिलं नव्हतं. देवरे दोन्ही हात वर करून नाचायला लागले. "नाय नाय, बरोबर शे! बरोबर शे आपलं!"

तो सामना नाशिकने चार गुणांनी जिंकला. हंगामाच्या शेवटी संघ मात्र तिसराच राहिला, मागच्या वर्षीसारखाच उपांत्य फेरीत हरून. चैताली सगळे सामने खेळली. येवला पाचवा आला आणि सृष्टीला सर्वोत्तम पकडींचं बक्षीस मिळालं.

येवल्याशी झालेल्या त्या सामन्यानंतर खेळाडूंच्या खोलीत चैताली आणि सृष्टी एकाच बाकावर बसल्या होत्या. सृष्टी तिला विचारत होती, "ताई, घोटा दुखतोय का? मी जरा जोरातच धरला."

"दोन लाखांचा धरलास," चैताली म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या.

संजना दारात उभी होती. त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे, हे तिला नीटसं कळलं नाही. पण तीही हसली आणि त्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसली.