सातवा रकाना

मी शिकंजा आहे. पुस्तकबांधणीच्या दुकानात, खिडकीखालच्या ओट्यावर मला बसवले होते. दोन जाड लाकडी फळ्या आणि दोन लोखंडी मळसूत्रे, एवढाच माझा देह. मळसूत्रे आवळली की मधल्या कागदांना तसूभरही हलता येत नाही. मग बांधणारा माझ्या फळीच्या आधाराने लांब पाते ओढतो आणि कागदांच्या कडा सरळ होतात. धरून ठेवणे माझे, कापणे पात्याचे, असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे बजावले. त्याने मन शांत झाले नाही, म्हणून हे सांगायला बसलो आहे.

माझी मळसूत्रे ओतशाळेत घडली. फळ्या एका सुताराने जुन्या तुळईतून काढल्या आणि काढताना तिला यथेच्छ शिव्या दिल्या, कारण तिच्यात गाठी फार होत्या. त्या गाठींमुळेच मी वाकलो नाही. मला घेतले ते विद्यापीठाच्या फाटकासमोर दुकान असलेल्या एका बांधणीकाराने. तो शाळेत शिकवत नसे, तरी सगळे त्याला ‘मास्तर’ म्हणत. पानांचे क्रमांक चुकलेला प्रबंध तो परत करी आणि वर सुनावी, “डॉक्टर व्हायला निघालात ना? मग एकशे अकरानंतर काय येतं ते बघून या.” त्याची बायको पाने शिवत असे. तिला सगळे ‘काकू’ म्हणत.

आमच्याकडे फक्त प्रबंध येत. निसर्गशास्त्रांना निळे कापड आणि समाजशास्त्रांना तपकिरी, असा विद्यापीठाचा दंडक होता. माझ्या पोटातून काय काय गेले ते आठवले की माणसाच्या कुतूहलाचे नवल वाटते. माशांच्या कल्ल्यांतले जंतू, नदीने वाहून आणलेली माती, धातूला पडणाऱ्या भेगा हे सारे निळ्यात. तपकिरीत तुरुंगातल्या कैद्यांची बोली, हमालांची पाठदुखी, म्हाताऱ्यांना मुले किती वेळा भेटायला येतात याची टक्केवारी. एकाने सहा वर्षे मुंग्यांची वारुळे उकरली. एका बाईने सहा वर्षे बाजारातल्या घासाघिशीची टिपणे घेतली. दोघांची वजने माझ्या फळ्यांना सारखीच लागली.

संशोधकांच्या सवयी मला पाठ झाल्या. भूगर्भवाले घड्यांचे नकाशे आणत आणि घडी आत घालायला विसरत. गणितवाल्यांची पाने इतकी थोडी, की काकू म्हणे, “ह्याला बांधू कशाला, टाचणी लावू का?” मानसशास्त्रवाले आईचे आभार मानताना दोन पाने खर्च करीत. अर्थशास्त्रवाले मात्र न चुकता शेवटच्या दिवशी धावत येत.

मास्तरांची कामाची एक रीत होती. माझ्यात कागद ठेवण्याआधी ते गठ्ठा पंख्यासारखा उलगडून प्रत्येक पानाचा समास पाहत. उजवीकडचा अर्धा इंच पात्याचा असतो. तिथे काही लिहिलेले आढळले, तर ते पान काढून आधी दुसऱ्या कागदावर चिकटवून रुंद करायचे आणि मगच कापायचे. ही तपासणी त्यांनी कधी चुकवली नव्हती आणि याचा त्यांना ताठा होता.

एका वर्षी प्रबंध देण्याच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे बारा प्रबंध आले. त्यांत मुंग्यांचा होता आणि एका मुलीचा होता. रंगाच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठी एक वस्ती होती. तिथल्या चारशे बारा घरांत ती चार वर्षे फिरली होती, म्हणून दुकानात तिचे नाव ‘वस्तीवाली’ पडले होते. पाच प्रती तिने ओट्यावर ठेवल्या आणि मास्तरांना म्हणाली, “काका, एकशे बेचाळीस ते एकशे बासष्ट या पानांवर मार्जिनमध्ये मी हाताने लिहिलंय. सांभाळून हं.”

“हाताने? प्रबंधात?”

“टंकून झाल्यावर सुचलं. म्हणजे सुचलं नाही, त्यांनीच सांगितलं.”

काकूने सुई थांबवून विचारले, “कुणी गं?”

“वस्तीतल्या बायकांनी. मी सहा प्रश्न विचारत होते. माणसं किती, कमाई किती, पाणी कुठलं, असे. एक आजी म्हणाली, पोरी, किती जगली ते विचारतेस, किती गेली ते का विचारत नाहीस? मग मी परत सगळ्या घरांतून फिरले. गेलेल्या बाळांचा सातवा रकाना केला. सर म्हणाले, तुझ्या आराखड्यात तो बसत नाही. मी म्हटलं, मग समासात बसवते.”

“आणि त्याची कच्ची वही?” मास्तरांनी विचारले.

“चिठ्ठ्या होत्या, नावानिशी. पाचही प्रतींत उतरवून घेतल्या आणि काल फाडल्या. नावाचा कागद कुठे राहणार नाही, असा शब्द दिला होता मी. नाहीतर कारखान्यात त्यांच्या माणसांची कामं गेली असती.”

मास्तर म्हणाले, “चार वाजता ये. मला दोनदा सांगावं लागत नाही.”

ते खरे होते. त्या दिवसापर्यंत खरे होते.

दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. मुंगीवाला दर पाच मिनिटांनी येऊन “माझं झालं का?” विचारत होता. मास्तर त्याला म्हणाले, “तुझ्या मुंग्या शिस्तीत चालतात, तू का चालत नाहीस?” सगळे हसले. त्या हसण्यातच त्यांनी पुढचा गठ्ठा उचलला, तो उलगडला नाही, आणि वेळ वाचवण्यासाठी पाचही प्रती एकदम माझ्यात ठेवल्या. मळसूत्रे आवळली गेली. मला कागदाचा स्पर्श कळतो, त्यावरचे अक्षर कळत नाही. मी नेहमीसारखे धरले, घट्ट आणि सरळ. पाते तीनदा ओढले गेले. कातरण खाली पडले ते आधीच्या ढिगात मिसळले.

मुलगी चार वाजता आली, तपकिरी पुस्तके छातीशी धरून पळत गेली. प्रबंध घेणारी विद्यापीठाची कचेरी पाचला बंद होत असे.

दुसऱ्या दिवशी रद्दीवाला भल्या सकाळी कातरणाचे पोते घेऊन गेला. त्यानंतर काकू झाडत होती. माझ्या पायाशी अडकलेली एक पट्टी तिने उचलली.

“अहो, ह्यावर शाईने काय लिहिलंय?”

मास्तरांनी चष्मा लावला. पट्टीवरचे आकडे त्यांनी मोठ्याने वाचले. शून्य, दोन, एक, शून्य, तीन, एक. ते खाली बसले. मग चपला न घालता रद्दीवाल्याकडे गेले आणि दुपारी रिकाम्या हातांनी परत आले. पोते कागदाचा लगदा करणाऱ्या गिरणीच्या गाडीत चढले होते.

“तिला सांगायला हवं,” काकू म्हणाली.

“सांगतो.”

सांगितले नाही. तिचा पत्ता ठाऊक नाही, हे कारण त्यांनी महिनाभर पुरवले. समोरचे फाटक ओलांडून विचारले असते तर कुणीही सांगितले असते. ती तक्रार घेऊन येईल म्हणून ते रोज रस्त्याकडे पाहत आणि ती न आल्यामुळे त्यांना बरे वाटे. हे मी लपवत नाही, कारण मलाही तसेच वाटत होते.

ती आली ती आठ महिन्यांनी. मास्तर तिच्याआधीच बोलले. “पोरी, माझ्या हातून कापलं गेलं.” आणि त्यांनी ती पट्टी पुढे केली.

“ठाऊक आहे, काका. कचेरीच्या रांगेतच मी उघडून पाहिलं.” तिने पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली. “ही कुठल्या घरांची, ते आता मलाही सांगता येणार नाही.”

“तरी दिलंस?”

“पाचला दहा मिनिटं होती. तारीख गेली असती तर सगळंच गेलं असतं. म्हटलं, तोंडी परीक्षेत विचारतील. सातव्या रकान्याचा उल्लेख प्रकरणात आहे, तो कुठे आहे म्हणून विचारतील, मग सांगेन. तीन परीक्षक होते. एकशे बेचाळिसाव्या पानावर एकाने खूणही केली होती. शीर्षक मधोमध घ्या म्हणाले. पदवी मिळाली.”

काकूने तिला पाणी दिले. तिने ते हातातच धरले.

“काल वस्तीत गेले होते, पुस्तक दाखवायला. शब्द दिला होता. त्या आजीला वाचता येत नाही. तिने मांडीवर घेतलं, बोट ठेवून रकाने मोजले, दुसऱ्या पानावर मोजले, तिसऱ्या पानावर मोजले. मग म्हणाली, हे सहाच आहेत, आमचा कुठाय?”

“मग?” मास्तरांनी विचारले.

“मी म्हटलं, परत सांगाल का, मी परत लिहीन. तर म्हणाली, एकदा सांगताना जेवढं रडायचं तेवढं रडून झालं, बाई. आता नाही.”

त्या दिवसानंतर मास्तरांनी प्रबंध घेतले नाहीत. शाळेच्या वह्या बांधल्या, त्याही वर्षभरच. मग दुकान मिटले. मला विद्यापीठाने नेले आणि काचेच्या दालनात ठेवले. समोर पाटी आहे, ‘जुने बांधणी यंत्र’. विद्यार्थी येतात, मळसूत्र फिरवून पाहतात, फिरत नाही म्हणून पुढे जातात. मास्तर गेल्याचे मला झाडणाऱ्या बाईकडून कळले.

वाचणाऱ्यांनो, मला क्षमा मागायची नाही. ज्यांची मागायची त्या माझ्यासमोर कधी येणार नाहीत. एवढेच करा. ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, तपकिरी कापडाच्या रांगेत ते पुस्तक आहे. एकशे बेचाळिसावे पान काढा. तिथे सहा रकाने दिसतील आणि त्यांच्या उजवीकडे अगदी सरळ कडा दिसेल. सातवा रकाना होता. त्यात चारशे बारा घरांनी सांगितलेली, गेलेली बाळे होती. तो कापला जाताना मी धरून होतो.