बारा स्ट्रेचर

काचेच्या धाग्यांचं कापड हातात घेतलं तर रेशमासारखं मऊ लागतं. लबाड आहे ते. त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण कातडीत घुसतात आणि माणूस जेवतानासुद्धा खाजवत बसतो. जव्हार-मोखाडा रस्त्यालगतच्या शेडमध्ये आम्ही सहा बायका या कापडाचे थर साच्यात मांडायचो आणि प्रत्येक थरावर रेझिन नावाचा चिकट रस रोलरने जिरवायचो. तो कडक झाला की लोखंडाइतका मजबूत आणि उचलायला हलका माल तयार. मी चैती, सहाजणींची मुकादम. दहावी पास असल्याचा तोरा मला होताच.

खाजेवर औषध मीच काढलं. सकाळी घरून निघताना हाताला मोहाच्या बियांचं तेल चोळायचं आणि वरून राखेने पुसायचं, म्हणजे हात चकाकत नाहीत. सुपरवायझर कमलेशने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की तेलकट हात कापडाला लावायचा नाही. मला वाटलं, शहरातल्या माणसाला तेलाची किळस येत असेल. पोशी, वेणू, सगळ्यांना मीच शिकवलं. हातमोजे होते, पण रेझिन लागलं की त्यांना धागे चिकटायचे आणि कापड विस्कटायचं, म्हणून ते खुंटीलाच.

उन्हाळ्यात बारा स्ट्रेचरचं काम आलं. जिथे गाडी पोचत नाही त्या पाड्यांवरून आजारी माणसाला खाली आणायला. त्यातला एक साखरशेत गावाच्या पलीकडे आमच्या पाड्याला मिळणार होता. तिथे माझी भावजय वर्षा सात महिन्यांची गरोदर होती. "तुला न्यायला मी पालखी बनवतंय," असं मी तिला चिडवायचे.

माल न्यायला टेम्पो यायच्या दिवशी सकाळी मी ग्राइंडरच्या फिरत्या चकतीने स्ट्रेचरच्या कडा कापत होते. कापलेली एक पट्टी खाली पडली. ती उचलून सहज वाकवली, तर कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटे झाले. दुसऱ्या स्ट्रेचरची पट्टी वाकवली, तिचंही तेच. तेलावर रेझिन धरत नाही, म्हणूनच कमलेश बजावत होता आणि मी शहाणी ऐकत नव्हते.

आदल्या दिवशी त्याने प्रत्येक स्ट्रेचरवर दीडशे किलो वाळूच्या गोण्या ठेवून पाहिल्या होत्या. एकही मोडला नव्हता. कधी मोडेल आणि तेव्हा त्यावर कोण असेल, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं.

गप्प बसले तर वर्षा त्यावर निजणार. बोलले तर सहाजणींचं काम जाणार, कारण मालकाने सांगून ठेवलं होतं, आणखी एकदा माल वाया गेला की शेड बंद. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेली.

पोशीने माझ्या हातातली पट्टी पाहिली. तिला समजवावं लागलं नाही.

"बाय, गप ऱ्हा," ती म्हणाली. "गोण्या ठेवल्या तवा मोडला काय? नाय ना? मना पोरांना घेऊन पुन्ना वीटभट्टीवर नाय जायाचा."

तरी मी कमलेशकडे गेले आणि तेलाचं सगळं सांगितलं. त्याने पट्टी दोनदा वाकवून पाहिली. चेहरा उतरला त्याचा.

"चैतीताई, तपासणीच्या कागदावर माझी सही आहे," तो हळूच म्हणाला. "तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही." पट्टी खिशात घालून तो टेम्पोकडे वळला.

मला त्याचा राग आला, पण खरा राग माझ्यावरच होता. मी ग्राइंडर उचलला आणि पहिल्या स्ट्रेचरच्या मधोमध लावला. धूळ उडाली. पोशीने माझा दंड ओढला, शिव्या घातल्या, मग मटकन खाली बसून रडायला लागली. कमलेश ओरडत आत आला. विजेचा मेन स्विच त्याच्या हाताशी होता. त्याने हात उचललाही. मग स्विचकडे बघत नुसता उभा राहिला. मी बाराच्या बारा कापले.

आठवड्याभरात शेडला कुलूप लागलं. नवे स्ट्रेचर कोणी मागवले नाहीत. पोशी बाजारात दिसली की रस्ता बदलते, आणि मला तिला हाक मारायची हिंमत होत नाही.

आषाढात एका दुपारी वर्षाला कळा सुरू झाल्या. माझा भाऊ ढवळू आणि तीन गडी यांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली. पायवाट चिखलाने निसरडी झालेली. मी डोलीच्या बाजूने चालत होते. दोन वेळा ढवळूचा पाय घसरला आणि वर्षाची पाठ दगडावर आपटली. ती ओरडली.

"एक तरी ठेवला असतास, बाय," ढवळू मागे न बघता म्हणाला.

स्ट्रेचर मोडला असता असं मी रोज स्वतःला सांगते. आणि मोडला नसता तर, हा विचार रोज माझा पिच्छा पुरवतो. यातून सुटका नाही.

घोंगडीतून वर्षाचा हात बाहेर आला आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"बाय, अजून किती हाय?"

समोर अख्खा डोंगर उतरायचा बाकी होता.

"आलाच रस्ता," मी म्हणाले.