डाव्या भोंग्याचा संशय

पाडायला काढलेल्या थिएटरच्या पडद्यामागून चष्मेवाल्याने दोन जुने लाउडस्पीकर घरी आणले. खाली कपाटाएवढी लाकडी पेटी, वर पत्र्याचा रुंद भोंगा आणि त्याच्या मागे बारीक आवाज काढणारा जडशीळ ड्रायव्हर. गाणं लावलं की गाणारीने मध्येच घेतलेला श्वासही ऐकू यायचा. स्वारी नुसती हवेत होती.

त्याचा साडू सुतारकाम करायचा. "असे ड्रायव्हर आता शोधूनही सापडत नाहीत," असं तो दोनदा म्हणाला. पुढे चष्मेवाला आपल्या चष्म्यांच्या दुकानात असताना येऊन तो पेट्यांना चाकं बसवून गेला. त्याच आठवड्यात डावा भोंगा दबका वाटू लागला. चष्मेवाल्याने वायरी उलटसुलट करून पाहिल्या, पण दबकेपणा डावीकडेच राहिला. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

तो थेट साडूच्या कारखान्यात गेला. कोपऱ्यात फडक्याखाली काहीतरी गोल होतं.

"ते काय आहे?"

"सरसाचं भांडं. का रे?"

"उगाच भोळेपणाचा आव आणू नकोस. माझा मूळ ड्रायव्हर परत दे, मी कुणाला काही बोलणार नाही."

साडूने रंधा खाली ठेवला. "चल. तुझ्याच घरी, तुझ्याच समोर उघडू."

घरी आल्यावर त्याने स्क्रू काढून ड्रायव्हर सोडवला. ड्रायव्हर जुनाच होता, त्यावर थिएटरने रंगवलेला आकडासुद्धा तसाच. मग भोंग्याच्या नरड्यातून कापसाचा मोठा बोळा बाहेर आला.

"तो मी कोंबला," दारातून चष्मेवाल्याची बायको म्हणाली. "माझी खुर्ची त्याच्यासमोर. वह्या तपासताना कानात नुसता किंचाळायचा. कितीदा सांगितलं, तुम्ही आपले 'हं' म्हणायचात."

"मला सांगायचं तरी!"

"विचारलंत कुठे? तुम्ही परस्पर चोर शोधायला निघालात. तोही माझ्या बहिणीच्या घरात!"

साडूने ड्रायव्हर परत बसवून स्क्रू आवळले. गाणं लावलं. आवाज पहिल्यासारखा मोकळा झाला, पण चष्मेवाल्याचं लक्षच लागेना.

"चुकलो मी. चहा तरी घेऊन जा."

"नको," म्हणत साडूने हत्यारांची पिशवी त्याच्यापुढे उघडी धरली. "बघून घे. नंतर काही कमी निघायला नको."

पिशवी त्याच्यापुढे बराच वेळ तशीच उघडी होती.

पुढेही साडू येत राहिला. आपल्या मेहुणीशी, चष्मेवाल्याच्या बायकोशी, हसून बोलायचा, गाणी ऐकायचा. पण चष्मेवाला घरी नसला, तर दारातूनच परत फिरायचा.