डावीकडचा स्पीकर

आस्गेरने तिसरी जोडीही परत करायचं ठरवलं, आणि कारण पहिल्या दोन वेळचंच होतं: डावा स्पीकर मंद आहे. फोनवर हे ऐकून टॉर्किल इतका वैतागला की शनिवारी दुपारीच आपल्या स्पीकरच्या दुकानाला कुलूप ठोकून तो आस्गेरच्या दारात येऊन उभा राहिला.

"लेका, तीन जोड्या, तीन वेगवेगळे कारखाने, आणि तिन्हींचे डावेच तेवढे आजारी? साथ आलीय का डाव्यांची?"

"मला ऐकू येतं ते मी सांगतो," आस्गेर म्हणाला.

त्याच्या तोंडी हे वाक्य शोभायचं. छत्तीस वर्षं तो पियानो सुरात लावत होता. फ्योर्डच्या खाडीच्या अलीकडची-पलीकडची सगळी चर्चं आणि शाळा त्याच्या, आणि त्याच्याआधी त्याच्या वडिलांच्या. कानाच्या बाबतीत नाकावर माशी बसू न देणारं घराणं. मागचा हिवाळाभर खपून त्याने जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या हाताने जोडला होता. आठ वॅटचा. तेवढ्या बळावर भलतेसलते स्पीकर नुसते कण्हतात. त्याला हवे होते पुस्तकांच्या फडताळात मावणारे, पण हलकी हाक मारली तरी ओ देणारे. टॉर्किलची रीत अशी, की जोडी आठ दिवस घरी न्यायची, आपल्याच खोलीत ऐकायची, नाही पटली तर परत. पहिली जोडी सुस्त निघाली आणि दुसरी चिरकी, हे टॉर्किलने मान्य केलं होतं. डाव्याचं मात्र त्याच्या काही केल्या गळी उतरत नव्हतं.

सोल्वाय कॉफी आणि दालचिनीचे पाव घेऊन आली आणि नवऱ्याच्या डाव्या हाताला बसली. "दूध घालू?" तिने विचारलं. उत्तर नाही. ती उठून उजवीकडे जाऊन बसली आणि तेच पुन्हा विचारलं. उन्हाळ्यापासून ती असंच करत होती. आस्गेरला ते दिसायचं, आणि न दिसल्यासारखं तो कॉफी ढवळायचा.

"लाव तुझी ती बाई," टॉर्किल म्हणाला.

ती बाई म्हणजे भजनाची एक जुनी तबकडी, एकाच मायक्रोफोनवर घेतलेली. दोन्ही स्पीकरमधून अगदी तंतोतंत सारखं येतं, त्यामुळे गाणारी दोघांच्या बरोबर मधे, फडताळावरच्या कुंडीपाशी उभी वाटायला हवी. सप्टेंबरात पहिल्या जोडीवर ती कुंडीच्या वीतभर उजवीकडे होती. दुसऱ्या जोडीवर दिव्यापाशी. आज ती पार उजवीकडच्या खिडकीला टेकली होती. नोव्हेंबर असल्याने बाहेर साडेतीनलाच अंधारून आलं होतं. अजून दोन पावलं सरकली की ही बाहेर पडेल, असं आस्गेरला वाटलं, आणि त्याला भीती वाटली.

"कुठे आहे?"

"खिडकीत."

"बरं. मग अदलाबदल."

एका बाजूला दोष दिसला की डावी-उजवीकडची एकेक वस्तू आपसांत बदलायची. जिच्याबरोबर दोष दुसरीकडे जाईल ती गुन्हेगार. ही युक्ती वीस वर्षांपूर्वी आस्गेरनेच टॉर्किलला शिकवली होती. मग तीन महिन्यांत त्याने ती एकदाही का केली नाही, हे टॉर्किलने विचारलं नाही. आस्गेरला कारण पक्कं ठाऊक होतं.

स्पीकर बदलले. बाई खिडकीतच. वायरी बदलल्या. खिडकीतच. आता व्हॉल्व्ह बदलायचे, पण ते निवेपर्यंत थांबावं लागणार होतं, आणि त्या गप्प वेळात आस्गेरला वडील आठवले. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. एके दिवशी वडील घरी येऊन म्हणाले, चर्चचा पियानो डावीकडून कुणी कांबळ्यात गुंडाळल्यासारखा वाजतोय. मग शाळेचा पियानो तसा वाजायला लागला, मग घरचा. उन्हाळाभर त्यांनी पियानोंवर खापर फोडलं. नाताळात त्यांच्या हातातून कप सुटला. कानामागे, डोक्याच्या आत गाठ होती. सहा महिने आधी आले असते तर काढता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. ईस्टरच्या आत त्यांना पुरलं.

व्हॉल्व्ह बदलून झाले, पुन्हा तांबूस उजळले. बाई गायला लागली.

"खिडकीत," आस्गेर म्हणाला.

टॉर्किलने फडक्याला बराच वेळ हात पुसले. थट्टा कुठल्या कुठे गेली होती. "सोल्वाय, तू बस बघू जरा इथे."

"मला कुठलं काय कळतंय त्यातलं," म्हणत ती बसली आणि तिने डोळे मिटले. "कुंडीपाशी. अगदी मधोमध." मग तिने डोळे उघडून नवऱ्याकडे पाहिलं, आणि आपण हे बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं.

"खोलीचा गुण असेल," टॉर्किल घाईने म्हणाला. "तो पडदा जाड आहे ना. असं करतो, ही जोडी नेतो आणि चौथी आणून देतो. नवीन आलीय एक, मस्त आहे. नाताळापर्यंत ठेव, घाई नाही."

नाताळापर्यंत. आस्गेरला त्या क्षणी टॉर्किलला मिठी मारावीशी वाटली. हो म्हणायचं, बस. चौथी जोडी, मग पाचवी. जगात डावे स्पीकर काय कमी आहेत?

"एक वस्तू बदलायची राहिलीय," तो म्हणाला.

त्याने खुर्चीचे हात धरले, ती उलटी फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसला. समोर नुसती भिंत. "लाव."

बाईने खिडकी सोडली होती. त्याच्या पाठीमागून सगळी खोली ओलांडून ती पलीकडे, दाराशी जाऊन उभी होती. स्पीकर जागचे हलले नव्हते. वायरी, व्हॉल्व्ह, सगळं जिथल्या तिथे होतं. फिरला होता फक्त तो.

"कुठे आहे?" टॉर्किलने विचारलं. त्याचा आवाज पार खाली गेला होता.

"दारात," आस्गेर म्हणाला. "स्पीकर चांगले आहेत रे. उगाच बदनाम केलं त्यांना. हेच ठेवतो मी. सोल्वाय, डॉक्टरांना फोन लाव. सोमवारी नको, आत्ता. आणि बाबांचं सांग त्यांना."

फोन खिडकीपाशी होता. सोल्वाय तिकडून कुणाशीतरी बोलली, मग रिसीव्हरवर हात ठेवून तिने काहीतरी विचारलं. पुन्हा विचारलं. आस्गेर भिंतीकडेच बघत होता. ती आता त्याच्या डावीकडे होती.

टॉर्किल दुसऱ्या बाजूला येऊन त्याच्या उजव्या कानाशी वाकला. "विचारताहेत, कधीपासून?"

"पहिली जोडी आणायच्याही आधीपासून," आस्गेर म्हणाला.